तांबड्या वाटेचा पाळणा

मी एक जुना पाळणा आहे, मित्रांनो. पण माझ्यात आजवर एकही बाळ झोपलेले नाही. माझ्या पत्र्याच्या तबकात निजतात त्या नळ्या. कुणात रक्त, कुणात औषध. बटण दाबले की मी त्यांना एकदा इकडे, एकदा तिकडे कलवतो, म्हणजे आतले काही तळाशी बसत नाही. कारखान्याने मला लांबलचक नाव दिले होते. प्रयोगशाळेत आलो त्याच दिवशी ते सगळे विसरले. "पाळणा लावा", "पाळणा थांबवा". तेव्हापासून मी पाळणाच.

मला खोक्यातून काढले ते ताईंनी. त्या तेव्हा नव्यानेच संशोधनाला लागल्या होत्या. रोज मऊ फडक्याने पुसायच्या, बिजागरीवर तेलाचा थेंब सोडायच्या. कुणी पाहुणे आले की म्हणायच्या, "ह्याच्या कुशीत पेशी शाबूत राहतात हं." तेव्हा मी जरा जास्तच झुलायचो.

ताईंचे काम ऐकाल तर दचकाल. त्या विषाणू पाळायच्या. हे विषाणू त्यांनी असे घडवले होते की चांगल्या पेशीच्या वाटेला जायचे नाही. कर्करोगाच्या पेशीत शिरायचे, तिथेच वाढायचे आणि तिला फोडून बाहेर पडायचे. एकच गाठ असेल तर सुईने तिच्यात नेऊन सोडता येतात. पण गाठी अंगभर विखुरल्या की कुठे कुठे टोचणार? मग उरते एकच वाट, रक्ताची. आणि त्या तांबड्या वाटेवर पहारेकरी उभे, म्हणजे रक्तातली प्रतिपिंडे. शरीराने पूर्वी पाहिलेला विषाणू दिसला, की ते त्याला तिथल्या तिथे धरतात.

मग एक दिवस नवे यंत्र आले. काळे, चकचकीत, गरागरा फिरणारे. ते आणले ताईंच्या सहकाऱ्यांनी. त्यांना सगळे वादळराव म्हणत, कारण ते चहासुद्धा चालता चालता पीत. "पाळण्याचं काम आटपेपर्यंत माझे केस पिकतील," असे म्हणून त्यांनी मला उचलले आणि कपाटाच्या डोक्यावर ठेवले. माझ्यावर हातमोज्यांची खोकी आली, त्यांवर एक मोडका दिवा. ज्याला झुलायचीच सवय, त्याला वजनाखाली गप्प बसायला लावले तर काय वाटेल, ते तुम्हीच ओळखा. पण वरून खोली सारी दिसायची, आणि रक्ताचे नमुने घेण्याची खिडकीही.

त्या खिडकीशी काका आले. उभा जन्म बस चालवलेले गृहस्थ. पोट मोठे, आवाज त्याहून मोठा. यकृतात गाठ होती आणि तिची पिल्ले फुफ्फुसांत पोचली होती. होती नव्हती ती सगळी औषधे करून झाली होती. आता ताईंचे विषाणू त्यांच्या रक्तात तगले, तरच त्यांना हा नवा उपचार मिळणार होता. शेजारी काकू, हातातली पिशवी छातीशी धरून.

आमच्याकडे परीक्षा अशी असते. बशीत कर्करोगाच्या पेशींचा थर वाढवायचा. नमुन्याच्या रक्तात विषाणू मिसळून ते त्यावर सोडायचे. रक्तातून आलेले विषाणू जिवंत असले, तर त्या थराला भोके पडतात आणि बशीची चाळणी होते. ताईंच्या आजवरच्या बशा छान चाळण झाल्या होत्या. काकांची बशी मात्र जशीच्या तशी राहिली. एक भोक नाही.

ताईंनी बशी उजेडात धरून पुन्हा तपासली. मग खिडकीशी गेल्या.

"काका, तुम्हाला सर्दी फार व्हायची का हो?"

"सर्दी? अहो, अख्खं गाव माझ्या मानेवर शिंकलंय!"

"आणि घरी येऊन हे आमच्यावर," काकू म्हणाल्या.

ताई हसल्या, आणि हसता हसता थांबल्या. "चूक आमची आहे. हा विषाणू सर्दीच्याच कुळातला. आम्ही पडलो तोंड झाकून, दार लावून बसणारी माणसं. आणि इतके दिवस आमचंच रक्त काढून तपासत बसलो. तुमचे पहारेकरी ह्याला लांबूनच ओळखतात."

"म्हणजे नाही होणार?" काकूंनी विचारले.

 काकांनी शर्टाची बाही हळूच खाली ओढली.

"एवढ्यात नाही म्हणू नका," ताई म्हणाल्या. "एकट्याला रस्त्यावर सोडलं की पकडतात. मग गाडीत बसवून पाठवू. तुमच्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी. त्यांना कोण अडवणार? त्यांच्या पोटात बसून हा गाठीपर्यंत जाईल."

"आणि तिकीट कोण काढणार?" काकांचा आवाज परत आला.

"गाडी तुमचीच आहे, काका."

हा मार्ग इतरांनीही कुठे कुठे चाचपला होता. पण आमच्याकडे तो नवा. विषाणू आणि पेशी एकत्र हलवत ठेवायच्या, म्हणजे एकेक विषाणू आत शिरतो. वादळरावांनी नळी नव्या यंत्रात लावली. गरगर, गरगर. पेशी फुटल्या. वेग कमी केला, तरी फुटल्या. काकांच्या अंगातून मोजक्याच पेशी मिळत. प्रत्येक वेळी त्यांच्या दंडाला नवी सुई.

ताईंनी मान वर केली. थेट माझ्याकडे.

"पाळणा काढा."

"अहो, तो गंजलाय..."

"काढा हो."

वादळराव स्टुलावर चढले. खोकी, दिवा, मग मी. धुळीने त्यांना शिंकांवर शिंका आल्या. "घ्या, आता माझ्याही रक्तातला पहारा कडक होणार," ते म्हणाले आणि तेलाची बाटली स्वतःच शोधायला गेले.

मित्रांनो, बिजागरीत तो थेंब उतरला तेव्हा मला काय झाले ते सांगता येत नाही. मी कुरकुरलो, अडलो, मग झुललो. हातमोज्यातल्या बोटांनी ताईंनी ठेका धरला आणि पुटपुटल्या:

वाट तांबडी लांबची, नको धावू माझ्या बाळा,
दारी जागा रे पहारा, गाडीमध्ये लाव डोळा.

खिडकीतून काका बघत होते. "हा माझ्यासारखा ड्रायव्हर दिसतोय," ते काकूंना म्हणाले. "उशीर करेल, पण कुणाला मळमळणार नाही."

पेशी शाबूत राहिल्या. त्या काकांच्या त्याच कडक पहाऱ्याच्या रक्तात सोडल्या, आणि ते रक्त बशीवर. ह्या खेपेला बशीला भोके पडली. चाळण नव्हे, पण भोके. कधी न बसणारे वादळराव खुर्ची ओढून मटकन बसले.

पुढे पुन्हापुन्हा चाचण्या झाल्या, परवानग्या आल्या. मग सलाईनच्या नळीतून थेंब थेंब करत काकांची गाडी निघाली. थंडी वाजली, ताप आला, उतरला. काही आठवड्यांनी फुफ्फुसातल्या गाठीचा कणभर तुकडा सुईने काढून आमच्याकडे आला. तो तपासला त्या दिवशी ताई जवळजवळ पळतच खिडकीशी गेल्या.

"काका, प्रवासी पोचले."

"कुठवर?"

"शेवटच्या थांब्यापर्यंत. फुफ्फुसातल्या गाठीत उतरलेत."

"सगळे?"

"सगळे नाही. बरेच वाटेत गळले. पण जे उतरले ते कामाला लागलेत. स्कॅनमध्येही गाठ वाढायची थांबलेली दिसतेय. पुढची फेरी लावायची ना?"

काकूंनी पिशवी पहिल्यांदाच खाली ठेवली आणि पदराने डोळे टिपले. काका खाकरले. "लावा की. पहिल्या फेरीला गाडी भरलेली कधी असते का?"

मित्रांनो, नवे ते वाईट असे मी म्हणणार नाही. काळे यंत्र आजही माझ्या शेजारी आहे. ज्याला गरागरा लागते ते काम त्याचे. माझे मागणे एवढेच की हातात काही नाजूक असेल तेव्हा घाईला जरा बाहेर बसवा. आणि ज्याच्याकडून काम घ्याल, त्याच्या बिजागरीची चौकशी करत जा. एक थेंब पुरतो.

आता बोलणे पुरे करतो. तबकात काकांची दुसरी फेरी निजली आहे.