बिनभेगेचा बुरूज

प्रमोदिनीबाईंच्या सारवणाला भेग गेली, असं दुर्गाघाटावर आजवर कोणी म्हटलं नव्हतं. म्हणायची कोणाची छाती नव्हती. धाकटी सून हिमानी विद्यापीठात मूर्तिकला शिकायची, तीही सासूच्या नाकावर टिच्चून. पण हात मळवायची वेळ आली तेव्हा तिला सासूकडेच यावं लागलं.

शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला तिनं घाटाच्या पायऱ्यांवर किल्ला मांडला होता. दिवाळीत पोरं करतात तसाच, फक्त मधला बुरूज पुरुषभर उंच. बांबूच्या कामट्यांची जाळी, तिच्यावर पूर ओसरल्यावर उरलेला गंगेचा गाळ. दार नाही. वर मुठीएवढं भोक. आत हिमानी स्वतः बसणार. ऊन चढलं की गाळ तडकेल, पोपडे गळतील, आणि भिंत आपणहून तिला सोडेल तेव्हाच ती बाहेर येणार. तोवर पाणी नाही, बोलणं नाही.

"सुनेला भिंतीत चिणलं तर सासूला तुरुंगात घालतात," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "तुला त्याचे मार्क मिळणार."

"मिळतील की. लिंपायला तुमच्यासारखा हात कोणाचा नाही, आई. फक्त गाळात काही मिसळू नका. नुसता गाळ."

नुसता गाळ. दुपारपर्यंत पापडासारखा तडकला असता, आणि शेजारची अन्नपूर्णाबाई गल्लीभर सांगत सुटली असती की प्रमोदिनीचा हात गेला. भेगा पडायलाच हव्यात, हे बाईंनी ऐकलं होतं, पटलं नव्हतं. चांगलं लिंपलेलं कोणाला नको असतं? पहाटे हिमानी अंघोळीला गेली तेवढ्यात त्यांनी गाळात शेण कालवलं, भुसा घातला, रात्री भिजत टाकलेली मेथी वाटून घातली. सहाला हिमानी आत बसली, आणि शेवटचं भगदाड बाईंनी स्वतःच्या तळहातानं बुजवलं.

अकरा वाजले. दिल्लीहून आलेले दोन परीक्षक छत्रीखाली बसून घड्याळं पाहत होते. भिंत वाळून पांढुरकी झाली होती, आणि तिच्यावर केसभर चीर नव्हती.

"काय लिंपलंयत हो," अन्नपूर्णाबाई हरखून म्हणाली. "अगदी ताटासारखं."

याच एका वाक्यासाठी बाई पहाटेपासून राबल्या होत्या. आता ते मिरचीसारखं लागलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्या चार पायऱ्या उतरल्या, सहा चढल्या, बुरुजाला फेरी घातली, पुन्हा उतरल्या.

"आई, बैठो ना," केयूर म्हणाला. बायकोच्या परीक्षेसाठी त्यानं बँकेतून सुट्टी घेतली होती. "तुझ्यामुळे मलाच चक्कर येतेय."

"तू बस. तुला बसायलाच पगार मिळतो."

बारापर्यंत आतून अधूनमधून खोकला येत होता. मग तो थांबला. केयूरनं भिंतीवर थाप मारली, तर पखवाजासारखा आवाज आला. "हिमानी? ए हिमानी?" तो आईकडे वळला. "आई, तोड़ दूँ क्या? पण तोडलं आणि ती नापास झाली, तर जन्मभर बोलायची नाही माझ्याशी."

ती उठून यायची नाही, हे बाईंना पक्कं माहीत होतं. हट्टाला पोर त्यांच्याच वळणावर गेली होती. भिंत सोडणार नाही तोवर ती सोडणार नाही. आणि भिंत का सोडत नाही, हे अख्ख्या घाटावर एकाच बाईला ठाऊक होतं. बोलावं तर गल्लीत तोंड काळं, न बोलावं तर पोर आत चुलीवरच्या हंडीसारखी शिजतेय. आणखी एक फेरी झाली. मग त्या थांबल्या आणि भिंतीला तोंड लावून, पण सगळ्या घाटाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"हिमानी, ऐक. गाळात शेण घातलंय मी. भुसा आहे, मेथी आहे. ही भिंत चार दिवस सोडायची नाही."

अन्नपूर्णाबाईचा पदर तोंडाशी गेला. बाईंनी तिकडे पाहिलं नाही.

आतून घोगरा आवाज आला. "नुसता गाळ म्हटलं होतं मी."

"म्हटलं होतंस."

"मग?"

"मग काय. माझी अक्कल शेण खायला गेली होती. मागे सरक, मी फोडते."

"थांबा. मी आतून ढकलते. तुम्ही कुठे पातळ लिंपलंय ते सांगा."

"पातळ कुठेच नाही," प्रमोदिनीबाई म्हणाल्या, आणि तशातही त्यांची मान जराशी ताठ झाली.

त्यांनी अंबाड्यातला आकडा उपसला आणि भिंत कोरायला घेतली. आकडा वाकला. मग नखं. केयूर धावून आला, तर कोपरानं त्याला बाजूला केलं. परीक्षकांपैकी एक जण कागद घेऊन जवळ आला आणि विचारू लागला, ही बाई कलाकृतीचा भाग आहे का.

पैशाएवढा पोपडा निघाला. आतून गरम वाफ तळहातावर आली, पाठोपाठ घामानं निथळलेलं बोट. बाईंनी ते डाव्या हातात घट्ट धरलं. उजवा हात थांबला नाही.

"किती मार्क जातील गं?"

"माहीत नाही," आतून हिमानी म्हणाली. "खणा तुम्ही."