मिटलेल्या डोळ्यांसाठी एक लेन्स

मित्रांनो, मी एक जुनी लेन्स आहे. कॅमेऱ्याच्या तोंडावर बसायचं आणि लांबचं जवळ आणायचं, हे माझं काम. अंगावर ओरखडे आहेत, कड्यावरचे आकडे पुसट झालेत, पण काच अजून पहाटेच्या पाण्यासारखी नितळ आहे.

काच घासणाऱ्या हातांनी मला घडवलं. घासली, धुतली, धुतली, घासली. एकामागे एक भिंगं काळ्या नळीत बसवली, आणि मला खिडकीपलीकडचं झाड दिसलं, पानापानासकट. माझे पहिले मालक दातांचे डॉक्टर. सुट्टीच्या दिवशी तळ्याकाठी बगळे टिपायचे. बगळा सावकाश, मी सावकाश, डॉक्टरही सावकाश. आमचं छान जमलं. घरी येईल त्याला ते माझं कौतुक सांगत. मग त्यांच्याकडे झटपट फोकस करणारी नवी लेन्स आली आणि मी कपाटात गेले. तिथून जुन्या वस्तूंच्या दुकानात, बंद पडलेल्या घड्याळाशेजारी. धुळीतूनही मी दाराबाहेरचा रस्ता बघत बसे. सवय कुठे जाते?

तिथे एक दिवस ताई आली.

ताई पासपोर्ट फोटोच्या स्टुडिओत काम करते. "हनुवटी वर, हलू नका," हे ती दिवसभर इतकं म्हणते, की एकदा घरी उतू जाणाऱ्या दुधालाही म्हणाली. तिची धाकटी बहीण मोटरसायकलच्या शर्यतीत पळते. सगळे तिला भिंगरी म्हणतात. आई प्रत्येक शर्यतीला जाते, डबा घेऊन, छत्री घेऊन. पण लेकीची गाडी वळणावर आली की घट्ट डोळे मिटून घेते. आजवर तिने भिंगरीला पळताना एकदाही पाहिलं नव्हतं. शर्यत संपली की हेल्मेट काढता काढता भिंगरी पहिलं हेच विचारायची, "आज तरी बघितलंस का ग?" आणि आई डबा उघडायला घ्यायची. ताईला असा एक फोटो हवा होता, जो आई उघड्या डोळ्यांनी बघेल.

दुकानदाराने आधी तिला एक भलीमोठी लेन्स दाखवली. ताईने ती हातात तोलली आणि परत ठेवली.

"ही घ्यायची तर स्टुडिओच विकावा लागेल, आणि तो माझा नाही. ती काळी दाखवा."

"ती? फसवणार नाही, खरं सांगतो," दुकानदार म्हणाला. "फोकस लावायला वेळ घेते. गाडी घरी पोचून जेवायला बसेल, तेव्हा हिची तयारी होईल."

"गाडी कुठून जाणार ते मला ठाऊक आहे. त्या जागेवर आधीच फोकस लावून ठेवीन."

"उजेडही कमी घेते हो."

"शर्यती भर दुपारी असतात."

तिने मला उजेडाकडे धरून काचेत बुरशी तर नाही ना, ते बघितलं. कडं फिरवून बघितलं. मग दारात उभं राहून रस्त्यावरच्या स्कूटरवर रोखलं. शर्यत बघायला लोक बसतात त्या कुंपणामागच्या टेकाडावरून वळणापर्यंत पोचायला माझी नजर पुरेशी होती. "चल," ती मला म्हणाली. मित्रांनो, इतक्या दिवसांनी कोणी माझ्याशी बोललं होतं.

पहिल्या शर्यतीत आमची फजिती झाली. फोटो अगदी स्वच्छ आला. चाकाची तार न् तार दिसत होती. आईने तो बघितला आणि म्हणाली, "इथे थांबली होती का? पाणी प्यायला?"

भिंगरी हसत हसत जमिनीवरच बसली. "ताई, मी पासपोर्ट काढायला गेले होते का ग?"

झालं होतं असं. शटर म्हणजे कॅमेऱ्याची पापणी. ताईने ती इतक्या झटक्यात मिटवली, की पळती गाडीही जागच्या जागी उभी राहिली. हलू नका म्हणणारा हात तो, त्याने वाऱ्यालाही हलू दिलं नाही.

पुढच्या शर्यतीत तिने पापणी सावकाश केली. आता सगळंच पुसट येऊ लागलं. गाडीच्या वेगाने मला फिरवायला हवं होतं, आणि ताईचा हात कधी पुढे, कधी मागे. वैतागून तिने मला खाली घेतलं, तेव्हा शेजारी बसलेल्या आईकडे तिचं लक्ष गेलं. आईचे डोळे मिटलेले. पण मान वळत होती, डावीकडून उजवीकडे, लोणी वितळावं तशी सलग. गाड्या कितीतरी गेल्या. मान वळली ती एकाच गाडीसाठी. रोज संध्याकाळी अंगणात सुरू होणारा भिंगरीच्या गाडीचा आवाज आई कशी विसरेल?

पुढच्या फेरीला ताई आईला टेकून उभी राहिली, खांद्याला खांदा लावून. वळणावर डांबराचा एक काळा ठिपका होता, तिथे माझा फोकस बांधलेला. आवाज आला. आईचा खांदा वळला, ताईची कंबर वळली, मी वळले. आवाजामागे आई, आईमागे ताई, ताईच्या हाती मी. पापणी मिटली, उघडली.

"आई, बघ."

आईने एक डोळा उघडला, मग दुसरा. फोटोत भिंगरी लख्ख होती, आणि झाडं, कुंपण, माणसं रंगांच्या रेघा होऊन वाहत होती.

"अगंबाई, गुडघा टेकलाय की रस्त्याला. पडली नाही?"

"टेकवायचाच असतो तो."

आई बराच वेळ बघत राहिली. मग हात पुढे करून म्हणाली, "आण इकडे. खरीखुरी दाखव."

शेवटच्या फेरीला मी आईच्या हातात होते. आवाज जवळ आला. मान वळू लागली, या खेपेला डोळा उघडा ठेवून. टेकाडापासून वळणापर्यंतचं सगळं अंतर मी पुसून टाकलं आणि लेक आईच्या पापणीपाशी आणून ठेवली.

"निघाला का फोटो?" ताईने विचारलं.

"फोटो कसला," आई म्हणाली. "मी बघत होते."

हेल्मेट काढता काढता भिंगरीने नेहमीचं विचारलं. त्या दिवशी डबा उघडायला फार उशीर झाला.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुमच्याही घरात असतील. त्यांना मऊ फडक्याने पुसा, ओलीपासून जपा, पण जपायचं म्हणून कोंडून ठेवू नका. काचेला अंधारात बुरशी येते. नवीन घ्यायची वेळ आली, तर कोणती मोठी हे विचारण्याआधी आपल्याला काय बघायचंय ते ठरवा.

माझं विचाराल तर मी मजेत आहे. शर्यतीच्या सकाळी आई आधी माझी काच पुसते, मग डबा भरते.