पाळण्याची कडी

दुपारी दूध पिता पिता भार्गवीची तीन महिन्यांची लेक मांडीवरच झोपली. पाळण्यात ठेवावं तर जागी होते, आणि पाळण्याची कडी कुरकुरायची थांबली तरी जागी होते. म्हणून भार्गवीनं तिला पदराखाली तसंच धरलं आणि मोकळ्या हातानं दोरी ओढत राहिली. पाळणा रिकामा. कुर्र, कुर्र.

चौथ्या-पाचव्या झोक्याला तिला आठवलं. हे तिनं पाहिलं होतं.

चार वर्षांपूर्वी ती गुलबर्ग्याला कॉलेजात होती. सुटीत मामेबहिणीकडे, बिदरला मैलूरमध्ये राहणाऱ्या जयंतीअक्काकडे गेली. अक्का नुकतीच बाळंतपणातून उठलेली. केस पिंजारलेले, दाराकडे पाठ, आणि रिकामा पाळणा हलवत बसलेली. रिकामा पाळणा हलवू नये, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. भार्गवी उंबऱ्यातूनच पाऊल न वाजवता मागं फिरली. भ्यायली होती, पण खरं सांगायचं तर हरखलीही होती. तिला तिच्या सिनेमाची बाई सापडली होती.

सिनेमा कसला, मैत्रिणींनी मोबाइलवर काढलेला वीस मिनिटांचा थरारपट. घरातलं सगळं अघटित ती बाईच घडवते, वेडी म्हणून. वेडी का, हे कुणी विचारलं नाही. असल्या सिनेमात बाईला कारण लागत नाही, पिंजारलेले केस पुरतात. पाळण्याच्या दृश्याला कॉलेजातली पोरं किंचाळली, मग टाळ्याच टाळ्या.

तो सिनेमा फिरत फिरत अक्काच्या सासूबाईंच्या, सुमतीबाईंच्या फोनवर पोचला.

"जयंती, ही तर तूच की ग!" आधी त्या हसल्या. दुसऱ्या दिवसापासून नातवाला मात्र आपल्या खोलीत निजवू लागल्या.

भार्गवीनं लेकीला धरलेल्या हाताच्या बोटांनीच अक्काला फोन लावून स्पीकरवर ठेवला.

"बोला डायरेक्टरबाई. आज कशी काय आठवण झाली?"

"अक्का, मी आले तवा तू रिकामा पाळणा हालवत होतीस, त्या दिवशी तुझा संकर्षण मांडीवर होता का ग?"

"व्हय. कडी थांबली की उठायचा."

"मी विचारायचं होतं, अक्का. 'रिकामा पाळणा कामून हालवायलीस?' एवढंच. आजच काढून टाकते तो सिनेमा."

"काढ, न्हाई तर ऱ्हाऊ दे. संकू अजून आजीपाशीच निजतोय. मी जवळ घेतलं की रडतो. त्याला आता माझी सवयच न्हाई."

दोरीवरचा हात थांबला. पदराखाली लेक चुळबुळली.

"भार्गवी, कडी थांबली बघ," अक्का घाईनं म्हणाली. "हालव. लेकरू उठंल."

भार्गवीनं दोरी ओढली. अक्कानं फोन ठेवला नाही, कडीची कुरकुर ऐकत राहिली.