दिवसा लागणारी कडी

मित्रांनो, हे सारे घडले २०१६ साली, पवनीत, वैनगंगेच्या घाटाकडे उतरणाऱ्या विणकरांच्या मोहल्ल्यात. मी एक जुनी लोखंडी कडी आहे. सोमाजी लोहाराने मला घडवले, तेव्हा मला रात्रीपुरतेच काम असे. दिवसभर मोहल्ल्याची दारे सताड उघडी असत आणि घराघरांतून हातमागांची खटखट ऐकू येई. रात्री मात्र मी कुणावर विश्वास ठेवत नसे. संशय हा कडीचा धर्मच आहे.

घरमालक टेकचंद. त्याची मुलगी शालू चालू लागली आणि माझी जागा बदलली. ती बोलत नसे, हाकेला वळत नसे. डॉक्टरांनी स्वमग्नता सांगितली. पाणी दिसले की ती धावे, आणि घाट तर जवळच. म्हणून तिच्या आईने, रंजिताने, मला दाराच्या वरच्या टोकाला ठोकून घेतले. मी भरदिवसा लागू लागले.

झाले! आमच्याकडे दिवसा कडी म्हणजे घरात काहीतरी काळेबेरे.

"काहून वं, पोरीले मारते का काय हे?" शेजारची विमला ओट्यावरून म्हणे. "का सोनं पुरून राहिली?"

रंजिता आतून ऐके. तिचे हळदीकुंकवाला जाणे सुटले, मग वेणी घालणेही सुटले. टेकचंद साड्या घेऊन बाजारोबाजार फिरे. पोर रात्र रात्र जागे, आईही जागे. एका दुपारी रंजिताने मला अर्धे उचलले, सोडले, पुन्हा उचलले. मला शंका आली, ही आता बाहेर पडली तर परत यायची नाही.

तेवढ्यात दार वाजले. समोरच्या म्हाताऱ्या मनकर्णाबाई. आल्या चौकशीला, मी मनात म्हटले आणि घट्ट बसले.

"उघड वं रंजिता. काही पुसाले नाही आली मी."

"मंग कायले आल्या, काकी?"

"पोरीजवळ बसाले. तू माह्या घरी जाऊन झोप. चुलीले हात लावू नको."

"तुमाले नाही जमणार. ते पयते, पाण्याकडं धावते."

"पयू दे. कडी लावतो ना मी! माही कंबर गेली, दोघीही घरातच राहू."

रंजिता हसली की रडली, मला कळले नाही. तिने एक पिशवी फुगेपर्यंत भरली आणि गेली. पिशवी! माझा संशय पक्का झाला.

शालू दारावर डोके आपटू लागली. मनकर्णाबाईंनी तिला रागावले नाही, की समजावलेही नाही. दार आणि कपाळ यांच्या मध्ये त्यांनी आपला तळहात धरला आणि तसाच धरून ठेवला. हळूहळू ती निवली. ऊन भिंतीवरून उतरले, तरी रंजिता येईना. प्रत्येक पाऊल मी ऐकत होते आणि प्रत्येक पाऊल दुसऱ्याचेच निघत होते.

"काकी, उघडा."

तिच्या गालावर उशीचे वळ उमटले होते. पिशवीत तिची स्वतःची उशी होती; परक्या उशीवर तिला झोप येत नसे.

पुढे मनकर्णाबाई अधूनमधून येतच राहिल्या. आता त्या हयात नाहीत. त्यांच्यामागे विमला येऊन बसते, टोमणे मारतच बसते, पण बसते. टेकचंद रविवारचा बाजार सोडून लेकीजवळ थांबतो, आणि रंजिता आसगावच्या तशाच एका आईला थोडा विसावा द्यायला जाते. शालू अजून बोलत नाही. हवे ते चित्रावर बोट ठेवून सांगते. नवे दार बसले तेव्हा मला काढले, आणि आता मी गोठ्याच्या फाटकावर गंजते आहे.

मित्रांनो, दिवसा बंद दार दिसले तर संशय जरूर घ्या. एवढाच घ्या, की आत एखादी आई थकली असेल. मग दार वाजवा, आणि काही न विचारता तिच्या लेकराजवळ बसा.