मी 'झालं' म्हणाले

मी हार्ड डिस्क बोलतेय. टेबलाच्या खालच्या खणात, कापडी पिशवीत पडून आहे. ऐकायला कुणी नसलं तरी बोलणार आहे, कारण माझ्या हातून जे घडलं ते आता सोसवत नाही.

समारंभांचे व्हिडिओ जोडून देणाऱ्या एका मुलीने मला घरी आणलं. माझ्या पोटात गरगर फिरणाऱ्या चकत्या आहेत. तिथे लिहिलेलं टिकतं, पण लिहायला वेळ लागतो. त्यामुळे रोज बोलणी खायची. तिची आई तर मला 'रडतराऊ डबा' म्हणायची.

शेवटी दुरुस्तीवाले आले आणि त्यांनी माझं कॅशिंग चालू केलं. म्हणजे काय, तर आलेलं काम आधी जवळच्या छोट्या मेमरीत ठेवायचं, लगेच 'झालं' म्हणून मोकळं व्हायचं आणि मग सवडीने चकतीवर लिहीत बसायचं. वीज तुटली की ती मेमरी कोरी.

"ताई, आता कशी पळते बघा. फक्त वायर ओढायच्या आधी पडद्यावर 'बाहेर काढा' दाबायचं हं."

"हो हो," ती म्हणाली. लक्ष सगळं फोनवर.

मी पळायला लागले. माझं कौतुक झालं आणि खरं सांगते, मला ते आवडलं. काम हातात असतानाच 'झालं' म्हणायची मला चटक लागली.

मग आईच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्रच काढावं लागणार होतं. मुलीने लोकांच्या आयांचे आवाज तासन्‌तास ऐकले होते, स्वतःच्या आईचा एकही जपलेला नव्हता. ऑपरेशनला जायच्या दिवशी आई दार लावून रेकॉर्डरशी चाळीस मिनिटं बोलली. बाहेर येऊन म्हणाली, "आत्ता नको ऐकूस. माझा आवाज गेल्यावर ऐक."

गाडी दारात उभी होती. मुलीने ते बोलणं घाईघाईने माझ्याकडे पाठवलं. मी 'झालं' म्हणाले. रेकॉर्डर शेजारून मागून आणलेला, म्हणून तिने त्यातलं पुसून टाकलं. मग मला दवाखान्यात न्यायला वायर ओढली. मी अजून लिहायला बसतच होते गं! पण थांब म्हणायला मला तोंड कुठे आहे?

नवव्या दिवशी तिने आईच्या खाटेशेजारी बसून मला उघडलं. फाइलचं नाव होतं, आत काहीच नव्हतं.

"आई, माझ्याकडून गेलं गं सगळं. काय बोलली होतीस ते लिहून तरी दे."

आईने वही मांडीवर घेतली. मग लिहिलं, 'ते लिहिता येत नाही गं.'

आई जाऊन आता वर्ष होईल. मुलगी अजूनही सुट्टीच्या दिवशी मला जोडते, ती फाइल उघडते आणि कानाला हेडफोन लावून बसून राहते.

ताई, नको लावूस मला. माझ्याकडे तुझ्या आईचं काहीच नाही.