चौधारीचं बी

वहिनीच्या कुंपणावरची चौधारी घेवड्याची वेल म्हणजे गल्लीची शान. फिकट निळी फुलं, आणि शेंगेला चारी बाजूंनी झालर. कापली की चकत्यांच्या चांदण्या. येणारे-जाणारे थांबून विचारायचे, "हे खातात पण?" आणि शिलाईचं मशीन सोडून बाहेर आलेली वहिनी असा चेहरा करायची, जणू ती झालर हिनेच शिवली!

म्हणून दोन घरं सोडून राहणाऱ्या थोरल्या नणंदेनं बी मागितलं, तेव्हा हिच्या पोटात दुखलं. नाही म्हणायची सोय नव्हती. मग या बाईनं काय करावं? दहा बिया खळखळून उकळल्या, पुसल्या, वाळवल्या आणि हसतहसत पुडी बांधून दिल्या. बोला आता!

नणंदेनं नवी कुंडी आणली, महिनाभर पाणी घातलं. काही म्हणजे काही उगवलं नाही. "माझ्या हाताला गुणच नाही गं," ती म्हणाली, आणि कुंडी पालथी घातली. पाठोपाठ दारातली बाकीची झाडंही शेजारणीला देऊन टाकली. सांगून टाकावं, असं वहिनीच्या दहादा ओठांवर आलं, पण जीभ रेटेना. नणंदेच्या दारावरून जायची तिला लाज वाटायची, म्हणून ती समोरच्या फुटपाथनं जाऊ लागली.

पुढे घरमालकानं कुंपण रंगवायला काढलं, आणि रंगाऱ्यांनी वेल मुळासकट उपटली. शेंगा कोवळ्याच होत्या, बी धरलंच नव्हतं, आणि जुनं बीही उरलं नव्हतं. वहिनी रडून रडून बेजार.

संध्याकाळी नणंद आली. हातात तीच पुडी.

"मी पाचच पेरल्या होत्या. म्हटलं, न जाणो, तुझ्याकडचं बी संपलं तर? घे. तुझ्या हातानं येतील."

वहिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुडी घ्यायला हात पुढे होईना.

"ताई, त्या नाही उगवायच्या."

"का गं?"

"मी... मी त्या उकळून दिल्या होत्या. तुमच्या दारात ही वेल दिसू नये म्हणून."

आता नणंद चांगली झाडणार, म्हणून वहिनीनं मान खाली घातली. झाडली असती तर बरं झालं असतं.

"म्हणजे," नणंद स्वतःच्या तळहातांकडे बघत हळूच म्हणाली, "माझ्या हाताचा दोष नव्हता?"