तिसरी हाक

तिन्हीसांजेला पुतळाआजी देवापुढे दिवा लावत होती आणि फोन वाजला. तिचा हात पुढे गेला, तसाच थांबला.

तिन्हीसांजेच्या पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. घणसोलीच्या मिठागरात आई मीठ ओढायची, तेव्हापासूनचा हा नेम. खाडीतलं जे हाक मारतं ते ओळखीच्या आवाजात मारतं, पण दोनदाच. तिसऱ्यांदा मारतं ते माणूस. आई बांधावरून "पुतळेऽ" म्हणायची आणि ही चिंबोरीच्या बिळाशी बसून तिसऱ्या हाकेची वाट बघायची. मिठागरावर आता टॉवर होते. नेम तेवढा राहिला होता.

फोन थांबला. पडद्यावर नमिताचा, नातीचा फोटो होता. भोवती लाल कडा.

नमिता आईबापाबरोबर खारघरच्या फ्लॅटमध्ये राहायची, कॉलेजात शिकायची; आईबाप कामावरून रात्रीच परतायचे. उन्हाळ्यात तिने स्वतःच्या जिवाला अपाय केला होता. हॉस्पिटलातून सोडताना तिथल्या समुपदेशक बाईंनी तिच्या नि आजीच्या फोनमध्ये एक ॲप घालून दिलं. सोसेनासं झालं की बटण दाबायचं, आपल्या माणसाला फोन लागतो, तिकडे लाल कडा येते. माणूस कोण, असं विचारल्यावर नमिताने आईबापाकडे न बघता आजीचं नाव सांगितलं होतं.

आजीने फोन घेतला, परत लावायला दिसेल तिथे दाबला. काही लागेना. तेवढ्यात तो पुन्हा वाजला.

"बाय, बोल."

पलीकडून नमिता म्हणाली, "आजी, दुसऱ्या हाकेलाच ओ दिलीस?"

"दिली."

"मला वाटलं, तिसरीपर्यंत थांबशील. म्हणून तीनदा करणार होते. त्यानंतर नाही."

आजी भिंतीला टेकून खाली बसली. टीव्ही बघणाऱ्या धाकट्या मुलाला, मितेशला, तिने हातानेच गाडीची चावी दाखवली. तिचा चेहरा बघून तो चप्पल न घालताच निघाला.

"तुजा काका निंगला. तो येईपरत ठेवू नको. मी हाय."

"मिठागराचं सांग ना."

आजीने सांगितलं. कोंडीतलं, मिठाच्या वाफ्यातलं पाणी कसं आटायचं, मिठाचा पहिला पापुद्रा कसा चकाकायचा, आईचे तळपाय कसे भेगाळायचे. पलीकडून मितेशचा आवाज येईपर्यंत ती सांगत राहिली.

दुसऱ्या दिवशी नमिता घणसोलीला आजीकडेच होती, आत निजलेली. दिवेलागणीला आजी पणती घेऊन उंबऱ्याशी येऊन बसली. टॉवरांकडे बघत तिने कान दिला. तिकडून आता कोणी बोलवणार नव्हतं. आईने अर्धी हाक मारली असती, तरी ती चिखलातून धावली असती.

"आ—" आतून आवाज आला.

"ओ," आजी म्हणाली, आणि हातातली न पेटवलेली काडी तशीच टाकून उठली.